आमची वाटचाल : न वाजणारा खांब

खांब वाजतो म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळतं. पडद्यावर हेलिकॉप्टर येतं, सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, घुमतो आणि डावीकडच्या भिंतीतून बारीक घुर्रऽऽ सुरू होतं. गिऱ्हाइकाला वाटतं स्पीकर फुटला. स्पीकरवाला खांबवाल्याकडे बोट दाखवतो. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात घरच्या थिएटरचे खांब, म्हणजे स्पीकर आणि वायर पोटात दडवणारे भिंतीलगतचे शोभेचे खांब, आम्ही करतो आणि मध्यंतरी "त्यांचे खांब वाजतात" एवढ्या एका वाक्यावर आमचं वर्कशॉप बंद पडायला आलं होतं. ते वाक्य कोणी पसरवलं, तेही आम्हाला माहीत आहे.

मूळ काम सुतारकीचं. जुन्या धाब्याच्या घरांतले सागवानी खांब, तळखडे, तुळया दुरुस्त करायचो, त्यामुळे खांबाचं माप हातात बसलेलं होतं. थिएटरच्या खोलीत खांब छताचा भार घेत नाही, पण डोळा तेच प्रमाण मागतो. तळ आणि माथा धडापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक इंच बाहेर हवेत. 9 फुटी खोलीत तळ 9 इंच उंच, माथा 6. तळ माथ्यापेक्षा बुटका केला की खांब लटकल्यासारखा दिसतो.

सुरुवातीला पाइपाचे अर्धगोल खांब केले. जळगावात पीव्हीसी पाइप मुबलक, उभा चिरला की दोन खांब तयार. दिसायचे देखणे. पण गुळगुळीत पाइपावर रंग धरत नाही. आधी 120 नंबरच्या सँडपेपरने खरवडून प्लास्टिकचा प्रायमर मारावा लागतो. आणि आपल्याकडचा उन्हाळा! 8 फुटी पाइप 20 अंशांच्या फरकाने 3 मिलिमीटरच्या आसपास लांबतो. एसी चालू-बंद होणाऱ्या खोलीत तळाशी आणि माथ्याशी भरलेली लांबी (पुट्टी) पहिल्याच मे महिन्यात तडकली. शिवाय पोकळ पाइप टिचकी मारली तरी ढोलासारखा बोलतो. तो प्रकार सोडून आम्ही चौकोनी पेटीवर आलो.

आजही आमचा खांब असाच असतो. 18 एमएमचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. समोरची फळी 12 इंच, दोन बाजू सव्वापाच-सव्वापाच, म्हणजे खांब भिंतीपासून सहा इंच पुढे. 8 बाय 4 च्या एका शीटमधून बरोबर दोन धडं निघतात आणि करवतीची खाच धरूनही दोन इंचांची पट्टी उरते. ती आतल्या आडव्या पट्ट्यांना कामी येते. पन्हळी, म्हणजे उभ्या गोलसर खाचा, काढायच्या तर सात. पन्हळ 6 सूत, मधली जागा 6 सूत, कडेला 9-9 सूत. बेरीज 96 सूत, म्हणजे पुरे 12 इंच. राऊटरला पाऊण इंची गोल नाकाचं बिट लावायचं आणि 3-3 एमएमच्या दोन फेऱ्यांत 6 एमएम खोल जायचं. एका फेरीत सगळं काढलं तर बिट तापतं, एमडीएफ करपतो आणि पन्हळीच्या तोंडाला काळा डाग राहतो, तो रंगाखालूनही दिसतो. चिरलेला एमडीएफ रंग पितो. म्हणून पन्हळीत सीलरचे दोन हात, मधे 320 चा पेपर, मगच रंग. रंग मॅटच हवा. चकचकीत खांब पडद्याचा उजेड परत फेकतो आणि काळा सीन राखाडी दिसतो.

एमडीएफच्या कडेत स्क्रू मारताना 3 एमएमचं भोक आधी पाडायचं, टोकापासून दोन इंच सोडायचे. नाहीतर फळी थरांत उलते आणि तो सांधा पुढे सैल होतो. सांध्याला पांढरा फेविकॉल. पेटी पिवळ्या कॉन्टॅक्ट ग्लूवर कधीही उभी करू नये. बंद खोलीत भुसावळच्या उन्हाळ्यात तो मऊ पडतो. तळ फरशीला टेकवायचा नाही, खाली अर्ध्या इंचाची पीव्हीसी पट्टी. फरशी पुसणारं पाणी एमडीएफमध्ये चढलं की तळ पावासारखा फुगतो आणि फुगलेला एमडीएफ परत बसत नाही.

आता तो वाजण्याचा विषय. एका मोठ्या बंगल्यात दहा खांब लावले, सबवूफर सुरू झाला आणि चार खांब बोलायला लागले. मालकाने उरलेली रक्कम अडवली. महिन्याभरात दोन ठरलेली कामं परत गेली. दोष आमचा होता, हे आम्ही तेव्हाही मान्य केलं. पण कारण सापडत नव्हतं. रावेरच्या केळीबागाईतदार अप्पांच्या खोलीत आमचे सहा खांब होते. त्यांना ही गोष्ट कळली, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "माझी खोली आठ दिवस घ्या, काय उघडायचं ते उघडा." सांगून आलेलं काम नाही, पैशाचा विषय नाही. अप्पांचा तो फोन नसता तर आज हे लिहायला वर्कशॉप उरलं नसतं.

तिथे 20 पासून 200 हर्ट्झपर्यंत टोन हळूहळू चढवत नेला आणि प्रत्येक खांबावर तळहात ठेवून बसलो. कारणं एक नव्हे, चार निघाली. मागची 6 एमएमची प्लाय मधे आधार नसल्याने ढोलाच्या कातड्यासारखी हलत होती. वायर तपासायच्या दाराचा चुंबक सैल होता. आतली 25 एमएमची कंड्युट (वायरची नळी) लाकडाला घासत होती. आणि चौथं म्हणजे भिंत ओळंब्यात नसल्याने खांबाची एक कड भिंतीला जेमतेम टेकून थरथरत होती. एका खांबात तर दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) डिमरशी न जुळल्याने स्वतःच गुणगुणत होता, त्यात सुताराचा काही संबंधच नव्हता.

तेव्हापासून मागची प्लाय 12 एमएमची, दर सोळा इंचांवर आडवी पट्टी, पोकळीत 48 घनतेची (घनमीटरला 48 किलो) 50 एमएमची रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, काळ्या कापडात गुंडाळून. कंड्युटला दर फुटावर फोम लावलेला क्लॅम्प. भिंतीवर आधी दोन उभ्या पट्ट्या ओळंब्याने, पाचर घालून सरळ करायच्या, खांब त्यांच्यावर बसवायचा आणि कडेला 3 एमएमची फोम टेप. स्पीकरची वायर आणि लाइटची वायर फूटभर लांब. एकमेकांना ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. स्पीकरसमोरचं कापड तोंडाला लावून फुंकून बघायचं. फुंकर अडली तर आवाजही अडतो.

आमच्याकडेच दीड वर्ष शिकून बाहेर पडलेल्या एकाने याच काळात थर्मोकोलवर लेप दिलेले खांब निम्म्या भावात विकले. जाहिरातीला फोटो आमच्या रावेरच्या कामाचा आणि तोंडी प्रचार "त्यांचे वाजतात." थर्मोकोलमध्ये स्पीकरचा स्क्रू धरत नाही. दिव्याचा ड्रायव्हर तापतो तिथे तर तो ठेवूच नये. ते खांब बदलायला गिऱ्हाइकं आमच्याकडे आली, आम्ही बदलून दिले. फोटो मात्र त्याने अजून काढलेला नाही.

घर बांधणाऱ्यांना एक सांगतो. आर्किटेक्टकडून भिंतीचे समान भाग पाडून खांब ठरवू नका. आधी खुर्च्या ठरवा. 7.1 मध्ये, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीत, बाजूचे स्पीकर बसणाऱ्याच्या 90 ते 110 अंशांत, कानाच्या जरा वर येतात. पहिला खांब तिथे, बाकीचे त्याच्या हिशोबाने. भिंत समान वाटली नाही तरी चालेल. आणि प्लास्टर होण्याआधी सुताराला बोलवा.

सध्या धुळ्याच्या कामाचे आठ खांब उभे आहेत. सीलरचा दुसरा हात वाळतोय, 320 चा पेपर फिरवायचा बाकी आहे. रंगाआधी प्रत्येकाला सबवूफरशेजारी उभं करून टोन लावणार आहोत. अप्पांनीही यायचं कबूल केलंय.