उलांडीचं झिरो

रविवार, रात्र

दीड महिना वाट पाहिलेलं खोकं आज उघडलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी पाण्यावरच्या लढाऊ विमानाचं, नाकाजिमा ए६एम२-एनचं मॉडेल. डायकास्ट म्हणजे ओतीव धातूचं, मूळच्या १:७२ मापाचं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर, पण तळहातावर घेतलं की धातूचं वजन लागतं. प्लॅस्टिकच्या किटमध्ये हे सुख नाही. डाव्या पंखाखालच्या फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगवणाऱ्या पोकळ भागाचा, खांब प्रवासात निखळला होता. टूथपिकवर गोंदाचा थेंब घेऊन चिकटवला. जोड दिसतो, दिसू दे.

बाबा चष्मा लावून शेजारी बसले. त्यांचं लहानपण मालवणच्या किनाऱ्यावर गेलं. विमान हातात घेऊन त्यांनी आधी खालची बाजू पाहिली. म्हणाले, "उलांडी दोन्ही बाजूंक?"

उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला तरंगता ओंडका. मी इतकी वर्षं 'आधाराचे फ्लोट' असं वाचत आलो आणि हा शब्द मला कधी सुचला नाही. पोटाखाली एकच मोठा फ्लोट, सगळं विमान त्यावर तोललेलं. पाण्यात उभं असताना कुठल्याही अंगाला कलंडेल, म्हणून दोन्हीकडे उलांडी.

मूळ विमान मित्सुबिशीचं, जमिनीवरून उडणारं झिरो. बेटांवर धावपट्टी तयार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून जपानी नौदलाने नाकाजिमाकडून त्याचीच चाकं काढून फ्लोट लावून घेतले. अशी ३२७ विमानं झाली. नौदलाने ते घेतलं ते १९४२ साल, म्हणजे जपानी राजवंशाच्या कालगणनेतलं २६०२, त्यातल्या शेवटच्या आकड्यावरून त्याला 'दोन प्रकारचं' म्हणत. दोस्त राष्ट्रांनी नाव ठेवलं रूफ. फ्लोटच्या ओझ्याने वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरने घटला. झिरोची चपळाई पुष्कळशी उरली, तरी तेवढा वेग गेल्यावर लढाऊ विमानाच्या हाती काय राहतं, हा विचार मला दरवेळी अस्वस्थ करतो.

बाबांचा पुढचा प्रश्न खरा कोळीवाड्यातला: "वारो सुटलो की ह्येका खंय बांधून ठेवतत?"

कुठेच नाही, बाबा. अल्यूशियन बेटांतल्या किस्काला ही विमानं उघड्या खाडीत नांगरलेली असत, आणि तिथल्या वादळांनी त्यांतली कित्येक मोडून टाकली. सॉलोमन बेटांतल्या तुलागीजवळ तर वाऱ्याचीही गरज पडली नाही. ७ ऑगस्ट १९४२ ची पहाट. अमेरिकेच्या 'वास्प' या विमानवाहू नौकेवरची वाइल्डकॅट लढाऊ विमानं आली आणि पाण्यात उभी असलेली रूफ तिथेच जळाली. उडायला सवडच मिळाली नाही. समोर ग्वादालकनाल बेटावर जपान्यांची धावपट्टी पुरी होत आली होती. ती अमेरिकनांनी घेतली आणि पुढे स्वतःच वापरली. हे सांगताना माझा आवाज जड झाला, बाबा गप्प ऐकत होते.

कावानिशी या दुसऱ्या जपानी कंपनीचं क्योफू मात्र मुळातच पाण्यावरचं लढाऊ विमान म्हणून जन्मलं. अशी ९७ झाली. मग त्याचाच फ्लोट काढून, चाकं लावून शिदेन हे जमिनीवरून उडणारं लढाऊ विमान घडवलं. रूफच्या अगदी उलटी वाट. क्योफू अमेरिकेत तीन उरली आहेत, रूफ अख्खं एकही नाही. म्हणून हे साडेसोळा सेंटिमीटर मला इतकं मोलाचं.

मॉडेलसोबत किनाऱ्यावर ओढायची छोटी ढकलगाडी आहे. मी विमान स्टँडवर लावणार होतो, उडताना दिसेल असं. बाबांनी झोपायला जाण्याआधी ते गाडीवर चढवलं आणि कपाटात आत, भिंतीपर्यंत सरकवलं. पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून ठेवतात तसं.