मखमलीवरची सावली

पेटी उघडली आणि आधी आला तो कापराचा वास. देवघरातल्या डबीला असतो तसाच, पण त्याच्या मागोमाग काहीतरी आंबूस, नाकाला झोंबणारं. समोरच्या बाईंना मी विचारलं, "यात कापूर ठेवला होता का?"

"नाही हो. बाबांचे चाकू आहेत फक्त."

उत्तर इटलीत, फ्रिउलीमधल्या एका लिलावघरात मी जुन्या शस्त्रांची पारख करते. त्याआधी सहा वर्षं पिंपरीतल्या एका टूल रूममध्ये पंच आणि डाय, म्हणजे धातू दाबायचे पोलादी ठसे आणि साचे, घडवत होते. आमच्याकडे येणाऱ्या चाकूंपैकी बरेचसे जवळच्या मानियागोचे असतात. कोल्व्हेरा ओढ्याचं पाणी १४५३ साली कालव्याने गावात आणलं, त्यावर घण चालू लागले, आणि तेव्हापासून ते गाव चाकूंचंच झालं. खटक्याचे निमुळते चाकू, ज्यांना जगभर स्टिलेटो म्हणतात, दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून अमेरिकेत भरपूर गेले. १९५८ साली अमेरिकेने कायदा करून त्यांची आयात आणि आंतरराज्य व्यापार बंद केला. म्हणूनच त्याआधीच्या चाकूंना आज भाव आहे आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही निघतात.

पेटीत निळी मखमल, सहा खाचा, सहा चाकू, सगळे उघडून मांडलेले. बाईंचे वडील वर्षापूर्वी गेले. त्यांचा सगळा भरवसा चौथ्या खाचेतल्या चाकूवर होता. काळ्या शिंगाची मूठ, सुरेख चकाकी. "हा पन्नासच्या दशकातला, बाबा सांगायचे. याचेच जास्त पैसे येतील ना?"

चाकू हातात घेतल्यावर मी आधी त्याची पाठ बघते. पातं उघडलं की त्याच्या बुडाची खुंटी पाठीवरच्या पोलादी पट्टीच्या छिद्रात जाऊन बसते. जुन्या घडणीत चाकू मिटायचा तर त्या पट्टीचं टोक नखाने उचलावं लागतं. संग्राहक त्याला पिकलॉक म्हणतात. पुढे मुठीच्या टोकाचा धातूचा भाग कलता केला की पट्टी आपोआप उचलली जाते, अशी सोपी रचना आली. बाईंचा चाकू पिकलॉकच होता. पण ती रचना आजही करता येते, त्यामुळे एवढ्यावर काहीच ठरत नाही.

मग भिंग लावलं. पात्याच्या बुडाशी 'इटली' आणि त्याखाली 'रॉस्टफ्राय' अशी अक्षरं होती. हा जर्मन शब्द बघून पुष्कळ जण चाकू खोटा ठरवतात, ते चूक आहे. रॉस्टफ्राय म्हणजे न गंजणारं. जर्मन पोलादाचा दबदबा होता म्हणून इटालियन कारागीरही तो शब्द ठोकत. मला खटकला तो शब्द नव्हता, अक्षरांचा काठ होता. पंच ठोकला की धातू दबतो आणि बाजूला सरकतो. अक्षराच्या कडेला बारीकसा उंचवटा येतो, आणि नंतर पॉलिश केलं तरी तळ दबलेलाच राहतो. हे मी हजारदा स्वतःच्या हाताने केलंय. इथे अक्षरं उथळ होती, तळ खडबडीत, भाजल्यासारखा. ही लेसरची खूण होती.

तरी एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. मी शेजारचे चाकू बघायला घेतले आणि तेव्हा त्या वासाचा उलगडा झाला.

तिसऱ्या खाचेत पिवळट, तडकलेल्या मुठीचा एक साधा चाकू होता. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची. सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतं. म्हातारं झालं की ते फुटतं, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल बनतं. (मूठ कशाची आहे हे ओळखायला तापलेली सुई टोचा, असा सल्ला अजून दिला जातो. कृपा करून असं करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.) त्या वाफेने दुसऱ्या खाचेतल्या चाकूचं पितळ हिरवं पडलं होतं. जर्मन सिल्व्हरचे भागही हिरवे, कारण त्यात चांदी नसते, तांबं असतं. पाचव्यावर, सहाव्यावरही हिरवट डाग होते.

चौथा मात्र लख्ख होता. सेल्युलॉइडला चिकटून पडलेल्या चाकूचं पितळ कालच घासल्यासारखं दिसत होतं.

मी चाकू बाजूला ठेवला आणि रिकाम्या खाचेवर दिवा तिरका धरला. मखमल सगळीकडे विटली होती. फक्त मधे गडद निळी, चाकूच्या आकाराची सावली होती आणि तिच्या काठाला हिरवे ठिपके. मोजपट्टी लावली. सावली २८ सेंटिमीटर. तिथे ठेवलेला चाकू २३.

बाईंच्या पाकिटात पोलिसांची पावती होती. इटलीत असा चाकू शस्त्र मानतात आणि ठाण्यात त्याची नोंद करावी लागते. वडिलांनी प्रत्येकाचं वर्णन लिहून दिलं होतं. चौथा : शिंगाची मूठ, उघडा २८ सेंटिमीटर.

बाई बराच वेळ त्या मखमलीकडे बघत राहिल्या. "पेटी घराबाहेर कधी गेली होती?" मी विचारलं.

"एकदाच. बाबा आजारी असताना. माझा भाऊ साफ करून आणतो म्हणाला होता." मग लगेच, "त्यानेही कुणाला तरी दिली असेल."

"असेल," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. चाकू कोणी बदलला हे भिंगातून दिसत नाही.

पुढचं सांगणं भाग होतं. नोंदीतलं एक शस्त्र घरात नाही आणि घरात आहे ते नोंदीत नाही. ठाण्यात कळवावं लागेल. तो तडकलेला चाकू अस्सल आहे, पण विकला जाणार नाही. तो पेटीतून काढून कागदात सैल गुंडाळा, हवा लागेल असा आणि आगीपासून लांब ठेवा, नाहीतर बाकीचेही जातील.

त्यांनी तो स्वतःच उचलून कागदात ठेवला. अहवाल मी संध्याकाळी देईन म्हटल्यावर त्या थांबल्या.

"दोन प्रती द्याल? एक ठाण्यात द्यायला." पाकीट बंद करत म्हणाल्या, "दुसरी मी भावाकडे घेऊन जाते. आधी त्याच्याकडेच जाते."