चोवीसपैकी एकवीस

चेंबूरमध्ये गेली २२ वर्षे माझे टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे दुकान आहे. जुलैतल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला शटर नुकतेच वर गेले होते आणि पाऊस धरून होता, तेव्हा एक उंच केलेली थार दारात येऊन उभी राहिली. चालवणारा तिशीच्या आतला तरुण आमच्या ओळखीचा होता आणि शेजारच्या आसनावर त्याची आई बसलेली होती. त्याने काच खाली करून सांगितले, “काका, फ्रीवेवर सत्तरच्या पुढे गेलो की स्टिअरिंग फार थरथरतंय. पुण्याला निघालोय, पटकन बॅलन्सिंग करून द्या.”

गाडीला ३३ इंची टायर होते आणि चारही चाके बीडलॉकची होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. नेहमीच्या रिमवर टायरची कड, म्हणजे बीड, फक्त आतल्या हवेच्या दाबाने रिमच्या काठाला चिकटून बसलेली असते. चिखलात, दगडांत किंवा वाळूत टायर पसरून पकड मिळावी म्हणून हवेचा दाब ३० पीएसआयवरून १०-१२ पर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरवतात. अशा वेळी चाक आडवे रेटले गेले की ती कड रिमवरून निसटू शकते. बीडलॉकमध्ये टायरची बाहेरची कड रिमच्या खाचेत ठेवून तिच्यावर धातूची एक जाड रिंग बोल्टांनी आवळतात, त्यामुळे हवा कितीही कमी असली तरी ती कड जागची हलत नाही. या गाडीच्या प्रत्येक चाकाला २४ बोल्ट होते, म्हणजे चार चाकांचे मिळून ९६. कर्जतकडच्या चिखलात गाडी घालणाऱ्या माणसाला या सोयीचा खरा उपयोग आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

गणेशने पुढचे डावे चाक काढून मशीनवर चढवले. पहिल्या फिरकीत आकडा आला १४५ ग्रॅम, म्हणजे चाक समतोल फिरायला रिमवर तेवढे वजन चिकटवावे लागणार होते. एवढ्या मोठ्या टायरला ६०-७० ग्रॅम लागणे मी समजू शकतो, पण १४५ हा आकडा मला पटला नाही. गणेशच्या हातात वजनांची पट्टी तयारच होती. ती चिकटवली असती तर मशीनवर शून्य आले असते, थरथर बरीचशी थांबली असती आणि मायलेक वीस मिनिटांत एक्स्प्रेस-वेच्या दिशेने निघाले असते. मी त्याला थांबवले आणि चाक पाण्याने धुवायला सांगितले.

चिखल निघाल्यावर मी बोल्ट मोजले. चोवीसपैकी एकवीस होते. एका भोकात काहीच नव्हते आणि शेजारच्या दोन भोकांत डोके तुटलेल्या बोल्टांचे बुंधे अडकून राहिले होते. उरलेल्या एकवीसपैकी सात बोल्ट मी नुसत्या बोटांनी फिरवले. तुटक्या बोल्टांच्या बाजूला रिंग आणि रिम यांच्या फटीत ०.८ मिलिमीटर जाडीची फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सहज गेली. समोरच्या बाजूला ०.२ ची पट्टीही अडत होती. साबणाचे पाणी मारल्यावर त्या बाजूने बारीक बुडबुड्यांची रांग उठली. गेले दोन आठवडे या चाकात एक दिवसाआड हवा भरावी लागत होती, असे तो तरुण त्यानंतर म्हणाला. त्याने ते पंक्चर समजून सोडून दिले होते.

एक बुंधा आम्ही उलट्या आट्याच्या पान्याने बाहेर काढला आणि मी तो भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग तपकिरी आणि गंजलेला होता, त्यावर एकामागे एक वळलेल्या बारीक रेषा होत्या, आणि उरलेला लहानसा भाग मात्र ताजा, करडा, चकचकीत होता. याचा अर्थ बोल्ट एका झटक्यात तुटलेला नव्हता. त्याला आधी चीर गेली, ती कित्येक दिवस थोडी थोडी पुढे सरकत राहिली, त्यात पाणी मुरले आणि अखेर उरलेल्या चिमूटभर धातूला भार पेलला नाही.

हे असे का होते, ते मी त्याला आणि खाली उतरून जवळ आलेल्या त्याच्या आईला तिथेच उभे राहून समजावले. बोल्ट नीट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच रिंग टायरच्या कडेला दाबून धरते. हा ताण पुरेसा असेल तोवर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात येणाऱ्या हेलकाव्याचा फार थोडा वाटा बोल्टाच्या अंगावर येतो. पण रिंगेखाली धातू नसून रबर आहे, आणि रबर दबत जाते. पहिल्या ५०-१०० किलोमीटरमध्येच ते बसते, बोल्ट सैल पडतात, आणि मग तोच हेलकावा जवळजवळ सगळाच्या सगळा बोल्टावर पडू लागतो. ३३ इंची टायरचा एक फेरा सुमारे २.६ मीटरचा, दक्षिण मुंबईतून पूर्व मुक्त मार्गाने चेंबूरपर्यंत येताना तो सहा हजारांहून जास्त वेळा फिरतो, आणि तितक्याच वेळा सैल बोल्ट ताणला जाऊन सुटतो.

त्याने विचारले, “पण बसवताना तर गनने फुल टाइट केले होते, काका.” घोटाळ्याचे मूळ नट झटक्याने आवळणाऱ्या त्या गनमध्येच होते. या बारीक बोल्टांना साधारण १५ ते २५ न्यूटन-मीटर एवढाच पीळ द्यायचा असतो, तर गाडीच्या चाकाच्या नटांना १०० च्या वर लागतो. एकाच गनने दोन्ही आवळले की काही बोल्ट प्रमाणाबाहेर ताणून कायमचे लांबतात, काहींचे ॲल्युमिनिअममधले आटे जातात आणि काही नुसतेच घट्ट वाटतात. हे काम टॉर्क रेंचने, म्हणजे दिलेला पीळ मोजणाऱ्या पान्यानेच, समोरासमोरचे बोल्ट घेत, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळत करायचे असते. शिवाय साध्या रिमवर टायर हवेच्या दाबाने आपोआप मध्यावर बसतो. इथे बाहेरची कड मध्यावर ठेवण्याचे बरेचसे काम लावणाऱ्याच्या हातावर असते. या चाकाचा टायर एका बाजूला सरकलेला होता. १४५ ग्रॅमचा उलगडा तिथे झाला.

गाडी वरळीत समुद्रासमोर उघड्यावर उभी राहते, हेही बोलण्यात आले. पावसाळ्यात तिथे खारे तुषार थेट गाडीवर येतात. प्रत्येक बोल्टाच्या डोक्याभोवती साचलेली पांढरी भुकटी मला आधीच दिसली होती. ॲल्युमिनिअमच्या रिममध्ये पोलादी बोल्ट आणि वर खारे पाणी असले की ॲल्युमिनिअम खाल्ले जाते. अशा बोल्टावर रेंच लावला तरी आकडा खोटा येतो, कारण दिलेला पीळ गंजलेल्या आट्यांच्या घर्षणातच खर्ची पडतो आणि बोल्ट ताणला जातच नाही.

आता जे लिहायचे आहे ते मला सर्वांत जड जाते. मी दुकानाची वही काढली. याच गाडीची याच चाकांची नोंद मार्चमध्ये होती: पुढील डावे, ९० ग्रॅम. हस्ताक्षर माझे होते. तेव्हाही आकडा मोठा होता. मी वजने चिकटवली, पैसे घेतले आणि ९६ पैकी एकाही बोल्टाला पाना लावून पाहिला नाही, कारण बॅलन्सिंग म्हणजे वजन आणि बोल्ट म्हणजे ज्याने बसवले त्याचे काम, अशी माझी समजूत होती. बोल्ट सैल पडायला तेव्हाच सुरुवात झाली असेल, तर ती मीच वजनांखाली झाकली. मी ती नोंद त्या दोघांना दाखवली आणि माफी मागितली. तरुण गप्प राहिला. त्याच्या आईने विचारले, “भाऊ, आज असेच गेलो असतो तर?”

मी त्यांना खरे तेच सांगितले. शेजारशेजारचे तीन बोल्ट गेले की त्यांचा भार बाजूच्या बोल्टांवर पडतो आणि पुढची तुटातूट भराभर होते. रिंग उचलली गेली की बाहेरची कड सुटते आणि हवा क्षणात जाते. हे पुढचे चाक होते, आणि एक्स्प्रेस-वेवर गाडी १०० च्या आसपास असते. चाक उतरवल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखलाखाली कोरलेली अक्षरेही सापडली होती: फक्त ऑफ-रोड वापरासाठी. ती मी तरुणाला वाचून दाखवली. अमेरिकेत जीप रँग्लर रुबिकॉन आणि फोर्ड ब्रॉन्को यांच्या काही चाकांवर बीडलॉक बसवण्याची सोय कंपनीच ठेवते, पण कारखान्यातून गाडी निघते ती टायर नेहमीसारखा हवेवर बसवून. आवळायची खरी रिंग वेगळी घ्यावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक अशा चाकांकडे पाहून काय लिहील, याची काळजी निराळीच. पण त्या घटकेला मला कायद्यापेक्षा ती ०.८ मिलिमीटरची फट जास्त दिसत होती.

“हे चाक मी परत चढवणार नाही,” मी म्हणालो. “तुमचा राग आला तरी चालेल.”

राग आला नाही. आईनेच प्रश्न सोडवला. “मैत्री पार्कला शिवनेरी मिळेल,” असे म्हणून त्यांनी पिशवी उचलली, आणि गणेशने छत्री धरून त्यांना रिक्षात बसवून दिले. तरुण मागे राहिला. दुपारपर्यंत आम्ही उरलेली तीन चाके तपासली. मागच्या उजव्या चाकाचे चोवीसच्या चोवीस बोल्ट जागेवर होते आणि वरून पाहता त्यात काही खोट नव्हती. बाहेर काढून नव्या बोल्टाशेजारी ठेवले तेव्हा त्यातले नऊ लांबलेले निघाले, आट्यांमधले अंतर नुसत्या डोळ्यांना कळत होते. दिसायला सर्वांत ठीक असलेल्या चाकाने मला जास्त धास्ती दिली.

सोमवारी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवलेली मूळ १८ इंची चाके टेम्पोतून घेऊन आला. ती आम्ही बसवली. बीडलॉकच्या चाकांतले तुटके बुंधे काढले, खराब आट्यांत नवी पोलादी वेटोळी बसवली, सगळे ९६ बोल्ट बदलले आणि टायर मध्यावर घेऊन रेंचने आवळले. त्याच पुढच्या डाव्या चाकाला या वेळी ५५ ग्रॅम लागले. ही चाके आता तो टेम्पोने कर्जतला नेतो, तिथे चढवतो आणि परतताना उतरवतो. हा खटाटोप मोठा आहे, पण प्रत्येक वेळी परत आल्यावर तो चारही चाके माझ्याकडे तपासायला टाकतो. हौसेने वाळूत जाणाऱ्या इतर गिऱ्हाइकांना मी हल्ली स्पष्ट सांगतो की १५-१८ हवेपर्यंत साधी रिम पुरते, त्यासाठी बीडलॉक लागत नाही.

वहीत मी ‘बोल्ट’ नावाचा एक नवा रकाना आखला आहे. बीडलॉकचे चाक आले की आधी तो भरायचा आणि मगच चाक मशीनवर चढवायचे, असे गणेशला सांगितले आहे. मागच्या आठवड्यात अंधेरीहून एक गाडी आली. रेंच लावल्यावर चोवीसपैकी पाच फिरले. वजनांची पट्टी गणेशने हातातही घेतली नाही.