यादीतलं नाव

मंगळवार, 13 जानेवारी. भोगी

पहाटे उठून राळ्याचा भात, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी केली. पावटा आणि ओला हरभरा सोलून नखं अजून हिरवी आहेत. सासूबाईंना चहा दिला, तर पहिल्याच घोटाला म्हणाल्या, "पूड आलीया तोंडात. गाळणी फाटलीया, किती दिवस सांगतीया." मी काहीच बोलले नाही. गेले पंधरा दिवस घरात असंच चाललंय. ऊस तुटून महिना झाला, बिल खात्यावर नाही, ह्यांचा जीव त्यात अडकलाय. थोरल्याची दहावी महिन्यावर आलीय आणि तो मोबाईल उशाखाली घेऊन झोपतो. मोठ्या गोष्टींवर कुणी कुणाशी बोलत नाही, भांडण होतं ते गाळणीवरून.

दुपारी आमच्या गच्चीवर तीळ निवडायला जमलो. दरवर्षी चौघी असतो, आज तिघीच. अक्का, बाई आणि मी. (नावं इथं लिहीत नाही. अक्का आमच्यात वडीलधाऱ्या, बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात.) चौथी वैनी. तिचा नवरा गेल्या आषाढात गेला, अटॅक आला आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. तिला बोलवायचं कुणी ठरवून टाळलं नव्हतं. मी बोलावलं नाही, एवढंच. लिहिताना कळतंय की हेच टाळणं.

अक्कांच्या लेकीची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ, एवढं त्यांनी हौसेनं जमवलं होतं. काल व्याह्यांकडून निरोप आला की सगळ्या घराला कपडे पाहिजेत, "आमच्यात तसंच असतंय." अक्का तीळ निवडत होत्या आणि बोटं थरथरत होती. "सोळा वर्षांची असताना माझ्या बापानं दिलं, तेव्हा मला कळलं नव्हतं त्यानं कुठनं आणलं. आता कळतंय." बाई म्हणाल्या, हा सण नव्हे, हुंडाच आहे, नाव तेवढं वेगळं. अक्का म्हणाल्या, "तुम्ही बोलताय बरोबर. पर लेक तिथं नांदतीया." यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

बाईंच्या घरी वेगळंच. सासऱ्यांना विसरायला होतंय. दिवस कलला की दावं घेऊन बैल शोधायला निघतात. बैल विकून पंधरा वर्षं झाली. बाई सहाला शाळेची कामं उरकून येतात ती थेट त्यांच्या मागं, रस्त्यावर. पहिल्यांदा समजूत घालायच्या. आता नुसतं म्हणतात, "दादा, बैलं गोठ्यात बांधल्यात, चला." मग ते येतात. हे सांगताना बाई रडल्या नाहीत, पण निवडलेले तीळ परत न निवडलेल्यात ओतले.

मग विषय जत्रांवर गेला. अक्कांचे दीर दरवर्षी पौष पौर्णिमेला मांढरदेवीला जातात, यंदाही जाऊन आले. बाईंना ते खपत नाही. 25 जानेवारी 2005 ला काळूबाईच्या त्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वर आग लागली. बाईंचं म्हणणं, देवीला कोंबडं-बकरं कशाला लागतं. अक्का म्हणाल्या, "देवीला लागत न्हाई, नवस बोललेल्या माणसाला लागतंय." दोघी चिडल्या, पण तीळ निवडायचे थांबले नाहीत.

मी हळदी-कुंकवाची यादी वाचायला घेतली. रथसप्तमीला करायचं ठरलंय, रविवार आहे, सगळ्यांना जमतं. बत्तीस नावं. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "वैनीचं?"

अक्का लगेच म्हणाल्या, "अजून वर्ष व्हायचंय तिचं."

"आणि वर्ष झाल्यावर बोलवणार?"

अक्का गप्प.

बाईंना हेरवाड तोंडपाठ आहे. कुरुंदवाडच्या पुढं, आमच्याच शिरोळ तालुक्यातलं गाव. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे आपल्या गावात बंद. कोरोनात किती घरांतली तरणी माणसं गेली, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. वर्षही शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1917 मध्येच केला होता. हेरवाडच्या ठरावानंतर दोन आठवड्यांच्या आत, 17 मेला, शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करायला सांगितलं. आमच्या तालुक्यानं राज्याला काहीतरी दिलं याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी स्टेटसला बातमी लावली होती.

अक्का म्हणाल्या, "ठराव पंचायतीत झाला. करंडा बाईच्या हातात असतोय." आणि थोड्या वेळानं, आपणहून, त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी निवडायची थांबले. अक्कांचं माहेर सौंदत्तीच्या यल्लम्माचं. त्यांच्या आजीची बहीण देवीला सोडलेली, जोगतीण. मार्गशीर्षातल्या पुनवेला, जिला त्या रांडाव पुनव म्हणतात, देवीचा नवरा जमदग्नी मारला गेला म्हणून तिचा चुडा फुटतो. त्या दिवशी जोगतिणीही बांगड्या फोडून घेत. मग माघी पुनवेला, अहेव पुनवेला, परत चुडा भरायचा. "मी लहान होते. आजीची भन हात पुढं करायची, दगडावर बांगड्या फुटायच्या, मनगटातनं रक्त यायचं. त्या आपल्या हसायच्या. म्हणायच्या, आई माघात उठतीया, मीबी उठीन." कर्नाटकानं 1982 मध्ये कायद्यानं पोरी सोडायला बंदी केली. त्या म्हातारीचं आयुष्य तोवर संपत आलं होतं, त्या प्रथेनंच ते खाल्लं.

मग अक्का म्हणाल्या, "देवीला दोन महिन्यांनी चुडा मिळतोय. वैनीला ती दुसरी पुनव न्हाई." एवढं बोलून त्या जिना उतरून गेल्या. यादीत नाव घाल असं म्हणाल्या नाहीत, नको असंही म्हणाल्या नाहीत.

शुक्रवार, 16 जानेवारी

वैनीकडे गेले होते, ब्लाउज आणायला. ते निमित्त खरंच होतं.

शिलाई मशीन खिडकीशी, पाठीमागं नवऱ्याचा फोटो, त्याला कालचा हार. दोरीवर नऊ ब्लाउज, सगळे काळे. संक्रांतीसाठी शिवलेले, पण न्यायला उशीर केलेल्या बायकांचे. खाली पोत्यावर छोट्या बटव्यांचा ढीग, खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे, नाडी ओवलेले. मी मोजत होते हे तिनं पाहिलं. ओठांत टाचण्या होत्या, त्या एकेक काढून उशीत खोचल्या आणि मग म्हणाली, "एकशे दहा. पाच घरांची ऑर्डर आहे. वाणात द्यायला."

पाच घरं. सगळी आमच्याच गल्लीतली. तिनं शिवलेला बटवा पाच घरी लुटला जाणार आणि पाचांपैकी एकाही घरचं बोलावणं तिला नाही. ऑर्डर द्यायला त्या बायका तिच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या असणार, माप सांगितलं असणार, आगाऊ पैसे दिले असणार. त्यातली एक मी. माझे बत्तीस.

मी म्हटलं, "वैनी, रथसप्तमीला ये. तुला सगळ्यांच्या आधी बसवायचं ठरवलंय मी. तुझ्याच हातनं सुरुवात करू." रात्री अंथरुणात मी हे ठरवलं होतं आणि मला ते फार चांगलं वाटलं होतं.

तिनं कापडावरचा खडू झटकला. "नको."

"का गं?"

"गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाला नेलं मला. आम्हा सातजणींना स्टेजवर बसवलं. माईकवरनं सांगितलं, या विधवा भगिनी. मग कुंकू लावलं, साड्या दिल्या, फोटो काढले. टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी तोंड धुतलं. त्या दिवसापर्यंत मला कुणी विधवा म्हणून पुकारलं नव्हतं. वैनीच म्हणत होते." ती रागावली नव्हती, समजावून सांगत होती. "त्यांचं मन चांगलंच होतं. पर माझ्या कपाळाचा समारंभ नको मला. बारा वर्षं तुझ्याकडं येते. तू गच्चीवरनं हाक मारतेस, वैनी, संध्याकाळी ये गं, आणि येताना तुझी मोठी परात आण. तशी हाक मार. आले तर आले."

ती परात! दरवर्षी तिळगूळ ठेवायला तिचीच परात असते.

ब्लाउजचे पैसे दिले तर तिनं वीस रुपये परत केले, हुक तिच्याकडे होतेच म्हणाली. वाटेत मी बराच वेळ नुसती चालले. इतकी वर्षं मला वाटत होतं, प्रश्न कुंकू लावायचं की नाही एवढाच आहे. वैनीला एक आपली जागा होती, परातीसकट, आणि आम्ही ती काढून घेतली. आता तिथं नवी, सजवलेली, वेगळी खुर्ची ठेवून आम्हाला बरं वाटून घ्यायचंय. माझं मत असं झालंय की परिपत्रक हवं, ठराव हवा. ज्या बाईच्या बांगड्या फोडायला दहा हात पुढं येतात, तिच्या बाजूनं कागद तरी उभा हवा. पण हाक कागदानं मारता येत नाही, ती आपल्यालाच मारावी लागते.

गुरुवार, 22 जानेवारी

वैनीचा विचार करताना परवा एकदम ध्यानात आलं आणि पोटात कालवलं. माझ्याच घरात सासूबाई आहेत.

मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं माझ्या हळदी-कुंकवाला त्या आत स्वयंपाकघरात असतात. मसाला दूध त्या आटवतात, चण्याची उसळ त्या परततात, सुगडात ऊस, बोरं, ओंब्या त्या भरून देतात. बायका बाहेरूनच विचारतात, "आजी बऱ्या आहेत नव्हं?" मी सुधारलेली, स्टेटसला हेरवाड लावणारी, आणि मी एकदाही त्यांना बाहेर बोलावलेलं नाही. त्यांना आवडणार नाही असं मी गृहीत धरलं. विचारायचं राहून गेलं, असंही म्हणवत नाही.

आज दुपारी गुडघ्याला तेल लावून देताना विचारलं. "आई, रविवारी बाहेर बसा की सगळ्यांच्यात."

त्यांनी पाय आखडून घेतला. "मी कशाला आता. चार बायका काय म्हणतील." जरा वेळानं म्हणाल्या, "तुझे सासरे गेले तवा माझ्या हातात चार चार काचेच्या बांगड्या होत्या, हिरव्या. नणंदेनं फोडल्या. मी सांगितलं हुतं, काढून देते, फोडू नका. जत्रंत त्यांनीच घेतलेल्या." मी घरातच होते त्या दिवशी. दुसऱ्या खोलीत पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. आवाज मी ऐकला होता.

मी काही बोलू शकले नाही. तेल लावत राहिले. त्यांनीच म्हटलं, "पोराला ओरडत जाऊ नगंस, परीक्षा हाय त्याची."

रविवार, 25 जानेवारी. रथसप्तमी

रात्रीचे साडेअकरा. पाय भरून आलेत, पण आजच लिहायला हवं.

सकाळी अंगणात गोवऱ्या पेटवून दूध उतू घातलं. चारच्या सुमाराला गच्चीवर गेले आणि हाक मारली, नेहमीसारखी. "वैनी, संध्याकाळी ये गं. परात आण." गल्लीत दोघीतिघी होत्या, त्यांनी वर पाहिलं. वैनीच्या दारातून "बरं" आलं.

ती सातला आली, गर्दीत. बदामी साडी, काखेत परात, पिशवीत बटवे. दाराशी बसून एकेका बटव्यात गाळणी घालून देऊ लागली. यंदा वाण म्हणून चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्यात. मी रांगेनं हळद-कुंकू लावत गेले. तिच्या शेजारच्या बाईचं झालं, मग ती. हळद लावून घेतली. कुंकवाला मी जरा थांबले, तिनं करंड्यातलं चिमूटभर आपल्या बोटानं उचललं आणि भुवयांच्या मध्ये बारीक टिकलीएवढं लावलं. मी पुढं सरकले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

समोरच्या घरातल्या दोघी मात्र उठल्या, दूध गॅसवर आहे म्हणाल्या. वाण न घेताच गेल्या. वैनीनं ते पाहिलं. तिचा हात क्षणभर थांबला आणि परत बटवे भरू लागला. मला त्या दोघींचा अजूनही राग येतोय, जाणार नाही लवकर. अक्का शेवटी आल्या. लेकीच्या सासरी साड्या धाडल्याच त्यांनी, कानातलं मोडून. वैनीशेजारी बसल्या, बटव्याची नाडी ओढून बघितली, म्हणाल्या, "टाका बारीक हाय गं." बाईंना यायला जमलं नाही. आज दादा बैल शोधत नदीपर्यंत गेले होते.

सासूबाई बाहेर आल्या नाहीत. दूध आटवलं, पेले भरून दिले, दार अर्धं लोटून घेतलं. मी आग्रह केला नाही.

सगळं आवरून भांडी घासत होते तेव्हा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"वैनीला काय दिलंस?"

"सगळ्यांना दिलं तेच. गाळणी."

"किती उरल्या?"

"तीन."

त्यांनी ताटाळ्यातली जुनी गाळणी काढली, जाळीचं भोक उजेडाला धरून बघितलं. "मग मलाबी एक दे की. बटव्यासकट."

मी हात पुसले. देव्हाऱ्यापुढनं करंडा आणला. त्यांनी करंड्याकडं बघितलं, मान हलवली, आणि हळदीचं बोट तेवढं लावून घेतलं.