लोणेऱ्यातली चार वर्षं आणि कॉटखालची बादली

परवा कपाट आवरताना हॉस्टेलचं जुनं आयकार्ड सापडलं, त्यावरचा फोटो ओल लागून अर्धा पुसलेला, आणि मग आवरायचं राहूनच गेलं. मी जिथं इंजिनिअरिंग केलं त्या रायगडातल्या लोणेऱ्याबद्दल लिहायचं किती दिवस मनात होतं, तर आज लिहितेच.

मी लातूरची. २०१६ मध्ये दहावीची परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये आमच्या गावात रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलेलं, म्हणजे पाचपेक्षा जास्त माणसं एकत्र नळाजवळ उभी राहू शकत नव्हती. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्या उन्हाळ्यात घरात रिकामं भांडं म्हणून काही दिसायचंच नाही, कळशी, पातेली, जुने ऑइलपेंटचे डबे, सगळं भरलेलं आणि वर फडकं झाकलेलं. आईचं एकच वाक्य असायचं, "झोपायच्या आधी भरून ठिव, सकाळचं कुणी बघितलंय." ते माझ्या अंगात इतकं मुरलं की अजूनही रिकामी बादली बघितली की मला बसवत नाही.

२०१८ ला प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ मिळालं, ब्रँच पेट्रोकेमिकल. घरात कुणालाच लोणेरे कुठं आहे ते माहीत नव्हतं. पप्पा आणि मी रात्रीच्या बसनं पुण्यापर्यंत, तिथून माणगावची एसटी. ताम्हिणी घाट लागला आणि मी खिडकीला नाक लावून बसले ते उतरेपर्यंत तशीच. ऑगस्टचा पहिला आठवडा, डोंगराच्या प्रत्येक घडीतून पाणी पडत होतं, रस्त्यावरून वाहत होतं, कुणी अडवत नव्हतं, कुणी भरून घेत नव्हतं. पप्पा बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "एवढं पाणी नुसतं जायलंय गं." माणगावला उतरून मिनीडोर रिक्षामध्ये बॅगा आणि गादी मांडीवर घेऊन महाडच्या दिशेनं लोणेरे. एकीकडे मुंबई-गोवा हायवे, बाकी भातशेती आणि डोंगर, आणि मधे आमचं विद्यापीठ, सगळे त्याला बाटू म्हणतात.

बाटू १९८९ च्या कायद्यानं स्थापन झालं आणि आता महाराष्ट्रभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडलेली आहेत, त्यामुळं नाव ऐकून लोकांना वाटतं खूप मोठा पसारा असेल. पण कॅम्पसवर राहणारे आम्ही म्हणजे एक छोटं गावच. दुसऱ्या महिन्यापर्यंत सगळे चेहरे पाठ झालेले. मेसमध्ये तू दोन दिवस दिसली नाहीस तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दार वाजवतंच. मला सुरुवातीला त्याचा त्रास व्हायचा, एकटं रडायलाही जागा नाही असं वाटायचं. नंतर पहिल्या मिड-सेमच्या वेळी मला १०२ ताप आला तेव्हा ज्या सिनियर दीदीशी मी कधी बोललेही नव्हते ती माणगावहून औषध घेऊन आली, पावसात, छत्री उलटी झालेली. त्या दिवसापासून मला तो त्रास वाटला नाही.

माझी रूममेट चिपळूणची, ब्रँच कॉम्प्युटर. तिचं नाव इथं लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पहिल्या रात्री बाहेर असा पाऊस की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि मी झोपायच्या आधी बादली भरून आणली आणि कॉटखाली ठेवली, वर ताट झाकलं. ती बघतच राहिली. "अगं बाहेर बघ काय कोसळतोय, पाणी कशाला साठवतेस?" मी म्हटलं सवय आहे. तिनं पुढं काही विचारलं नाही. पण मी रोज भरत होते आणि ती रोज बघत होती, आणि साधारण महिन्याभरानं एका रात्री लाईट गेलेली असताना मी तिला रेल्वेचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडं पाणी म्हणजे भीती, वाशिष्ठी नदी वाढली की आजी रात्रभर पायरीवर बसून राहते, पाणी कुठल्या पायरीवर आलंय ते मोजत. पाणी येऊ नये म्हणून जागणारं घर असतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. लातूरला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही नशीब असेल तर, आणि रायगडात तीन हजाराच्या वर.

कोकणातला पावसाळा हॉस्टेलमध्ये काढणं ही वेगळीच गोष्ट. जीन्स चार-चार दिवस वाळत नाही. बेल्टवर, चपलेवर, फाइलच्या कव्हरवर हिरवी-पांढरी बुरशी. इंजिनिअरिंग ग्राफिक्सची शीट तर अशी मऊ पडायची की पेन्सिलची रेघ फाकायची. सबमिशनच्या आदल्या रात्री जीटीचा, म्हणजे काचेवरून दुसऱ्याची शीट छापून काढायचा, कारखाना चालायचा, दोन कॉटच्या मधे काच, खाली मोबाइलचा टॉर्च, काचेवर एक शीट आणि तिच्यावर दुसरी. आणि त्या शीटवर कुणाच्या केसातलं पाणी पडू नये म्हणून सगळ्यांच्या डोक्याला टॉवेल. मी स्वतः फक्त दोनच शीट जीटी मारल्या, बाकीच्या खरंच काढल्या, कारण मला प्रोजेक्शन मनापासून आवडायचं.

जेवणाचं सांगायचं तर मला भाताची सवय नव्हती. आई ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायची, ती भाकरी महिनाभर टिकते, दुधात नाहीतर आमटीत चुरून खायची. चिपळूणहून कुळथाचं पीठ यायचं. रविवारी दोघींची अदलाबदल. कुळथाची पिठी आणि त्यात चुरलेली कडक भाकरी, हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही पण मला अजून आठवण आली की तोंडाला पाणी सुटतं.

अभ्यास. सीए म्हणजे सेमभराचं मूल्यमापन २० मार्क, मिड-सेम २०, एंड-सेम ६०, आणि एफएफ म्हणजे नापासचा शेरा लागला की पुढचं सगळं सेम त्या सावलीत. आमच्या वर्गात मुली मोजक्या होत्या आणि पेट्रोकेमिकल म्हटलं की नातेवाईक विचारायचे, "म्हणजे पेट्रोल पंपावर का?" मला तेव्हा राग यायचा. खरं तर हे शिकायला रायगडइतकी चांगली जागा कुठली, नागोठण्याचा गॅस क्रॅकर, थळचा खताचा कारखाना, महाड आणि रोह्याच्या एमआयडीसी, सगळं आमच्या आजूबाजूला. लॅबमध्ये मला सगळ्यात जास्त आवडायचा अ‍ॅनिलिन पॉइंटचा प्रयोग. टेस्टट्यूबमध्ये अ‍ॅनिलिन आणि तेल सारख्या मापानं घ्यायचं, गरम करत हलवत राहायचं, दोन थर वेगळे दिसत असतात आणि एका तापमानाला ते एकदम एक होतात, सगळं स्वच्छ पारदर्शक. मग थंड करायचं, पुन्हा गढूळ होतं तो क्षण पकडायचा आणि थर्मामीटर वाचायचा. पॉइंट जितका खाली तितके तेलात बेंझिनच्या जातीचे पदार्थ, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक्स जास्त. ओरलला मला हेच विचारलं आणि मी इतकं बोलले की सर म्हणाले, बास, कळलं.

२० मार्च २०१९, पहिल्या वर्षाला, आम्ही सात-आठ जणी एसटीनं महाडला गेलो. लोणेऱ्याहून महाड जवळच. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात आपण शिकतोय त्यांनी १९२७ ला ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते तळं आपण बघितलेलं नाही, हे मला बरोबर वाटत नव्हतं. रस्त्यावर माणसंच माणसं, निळे झेंडे, डोक्यावर पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बाया, लहान पोरं खांद्यावर. मी शाळेत एवढंच वाचलेलं की सत्याग्रह झाला. तिथं गेल्यावर बाकीचं कळत गेलं. १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव झालेला, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केल्याचं ठरवलेलं, म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता, आणि तरी पाण्याला हात लावायला हजारो माणसांना चालत जावं लागलं, त्यावर मारही खावा लागला. नंतर तळ्याच्या हक्कावरून खटला चालला तो हायकोर्टात १९३७ ला संपला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी. पायऱ्यांवर गर्दीत उभं राहून मला आमच्या गल्लीतली टँकरची रांग आठवली, भांडणं, आणि ती एक बाई जिला नेहमी सगळ्यात शेवटी उभं राहावं लागायचं. ती का शेवटी असायची हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी हॉस्टेलवर आल्यावर आईला फोन करून विचारलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं खरं ते सांगितलं.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागायच्या आधी घाईघाईत घरी गेलो, दोन आठवड्यांत येऊ म्हणून अर्धं सामान तिथंच. मग दीड-दोन वर्षं मोबाइलवर लेक्चर, गच्चीवर रेंज शोधत.

२२ जुलै २०२१ ला सकाळी बातम्या लावल्या तर चिपळूण पाण्याखाली. बस स्टँड बुडालेलं, दुकानांच्या पाट्या तेवढ्या दिसत होत्या. महाडची पण तीच गत. मी फोन लावतेय, लागत नाही. आमच्या बॅचच्या ग्रुपवर यादी सुरू झाली, चिपळूणचे कोण, महाडचे कोण, खेडचे कोण, ज्याचा संपर्क होईल त्याच्या पुढं टिक. लहान कॉलेज असल्यामुळं कुणीच निनावी नव्हतं, सिनियर, ज्युनियर, सगळ्यांना सगळे माहीत. दोन दिवस तिच्या नावापुढं टिक नव्हती. मी त्या दोन दिवसांत काय जेवले मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणाचा तरी मोबाइल मागून केलेला. सगळे सुखरूप होते, शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर, आजीला खुर्चीत बसवून उचलून नेलेलं. ती एकदम शांत आवाजात बोलत होती, आणि मग म्हणाली, "चहूकडं पाणी होतं गं आणि प्यायला घोटभर नव्हतं. पातेली खिडकीबाहेर धरून पावसाचं पाणी भरलं आम्ही. मला सारखी तुझी बादली आठवत होती." मग दोघी रडलो.

माणगाव, महाडच्या आजूबाजूला राहणारी आमची पोरं फावडी घेऊन चिखल काढायला गेली, आठ-आठ दिवस. आम्ही लांबचे, पैसे गोळा केले. आमच्या भागातून मदतीचा एक टेम्पो चिपळूणला निघणार होता तर आई आणि शेजारच्या काकू दोन दिवस चुलीपुढं बसल्या आणि पोतंभर कडक भाकरी भाजल्या, त्या खराब होत नाहीत, गॅस नसला तरी खाता येतात. २०१६ ला आमच्याकडं मिरजेचं पाणी आलेलं, आई म्हणाली, आपण एवढं तरी करू.

२०२२ च्या फेब्रुवारीत शेवटच्या सेमला परत गेलो. मी रूमवर पोचले तेव्हा ती आधीच येऊन झाडून-पुसून बसलेली. गळ्यात पडून झालं, बॅग ठेवायला म्हणून मी खाली वाकले.

दोन्ही कॉटखाली बादल्या होत्या, काठोकाठ, वर ताटं झाकलेली.