घाट अपडेट: शेवटी डोंगर फोडला

मंडळी, माझ्या घरातल्या भोर घाटाच्या रेल्वे मॉडेलवर डेक्कन क्वीन लोणावळ्याला पोचली. बँकरसकट (चढावर मागून ढकलणारी इंजिनं), नऊ डब्यांसकट, मध्ये कुणी हात न लावता. काल रात्री पावणेबाराला पोचली आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या, आईने आतून विचारलं काय झालं, म्हटलं गाडी आली, तर म्हणाली मग झोप आता.

मागच्या अपडेटमध्ये मी फार ऐटीत सांगितलं होतं की ट्रॅकचं काम संपलं, आता फक्त सीव्ही (इंजिनातल्या कंट्रोल चिपच्या सेटिंग्ज) जुळवायचे की बँकर सुरू. त्यानंतरचे तीन आठवडे काय झालं ते हे.

नवीन कुणी असेल तर थोडक्यात, माझा काळ साधारण २००५चा, म्हणजे घाटात अजून १५०० व्होल्ट डीसी, पुढे डब्ल्यूसीएएम-३ इंजिन, मागून ढकलायला डब्ल्यूसीजी-२ इंजिनांची जोडी आणि मध्ये निळी-पांढरी, जुन्या पद्धतीच्या डब्यांची आयसीएफ रेक. (२०२२ ला आलेला नव्या पद्धतीचा एलएचबी रेक छान आहे, पण माझी डेक्कन क्वीन ती नाही, यावर वाद घालू नये.) चढ खऱ्या भोर घाटाइतकाच, ३७ला १, म्हणजे २.७ टक्के. सव्वापाच मीटरच्या रॅम्पवर गाडी १४ सेंटीमीटर वर चढते. ऐकायला काही वाटत नाही, पण एचओमध्ये, म्हणजे १:८७ च्या मापात, नऊ डबे घेऊन एकटं इंजिन २४ इंच त्रिज्येच्या वळणावर आलं की चाकं जागच्या जागी गरगरतात. खऱ्या घाटात वळणावर चढ थोडा कमी करतात, वळणाचा विरोध भरून काढायला, ते मी आखणी करताना साफ विसरलो होतो. म्हणजे माझ्याकडे बँकर हौस म्हणून नाही, गरज म्हणून आहे, आणि खरं सांगू, याचा मला आनंदच आहे.

तर प्रॉब्लेम. बँकर लावला की दुसऱ्या बोगद्यात सातवा डबा उतरायचा. दर वेळी सातवा, दर वेळी तिथेच, तोंडापासून ३८ सेंटीमीटर आत, जिथे माझा हात जेमतेम कोपरापर्यंत जातो. बँकर न लावता पाच डबे ओढले तर काही नाही, मख्खन.

आधी वाटलं डबाच खराब. बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) काढली, चाकांचं बॅक-टू-बॅक, म्हणजे जोडीतल्या दोन चाकांमधलं आतलं अंतर मोजलं, बरोबर. मग सातवा डबा तिसऱ्या जागी आणि तिसरा सातव्या जागी लावला. आता उतरला तो जुना तिसरा, सातव्या जागेवर. म्हणजे डब्याचा दोष नाही, जागेचा आहे.

मग वजन. आपले हे प्रिंट केलेले डबे फारच हलके असतात, माझा एक डबा ९८ ग्रॅम भरला. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या हिशोबाने एक औंस अधिक इंचाला अर्धा औंस, म्हणजे साडेनऊ-पावणेदहा इंची आयसीएफ डब्याला साधारण १६५ ग्रॅम हवेत. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं मिळतात, पाच-पाच ग्रॅमचे चौकोन, पट्टीच्या पट्टी. हॉबी शॉपवाले 'मॉडेल वेट' म्हणून जे विकतात ते हेच, फक्त पाकीट चकचकीत आणि किंमत चौपट. टायरवाल्याने विचारलं गाडी कुठली, म्हटलं डेक्कन क्वीन. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वर एक पट्टी फुकट दिली.

वजन टाकल्यावर दहापैकी दहा वेळा उतरणारा डबा सात वेळा उतरायला लागला. प्रगती आहे पण लाज वाटावी अशी.

इथून मी डिकोडरच्या, म्हणजे इंजिनातल्या त्या कंट्रोल चिपच्या, मागे लागलो, आणि हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण यात शिकण्यासारखं आहे, जरी खरा चोर दुसरीकडेच होता तरी. तिन्ही इंजिनं एका कन्सिस्टमध्ये (एकाच कमांडवर चालणारा गट), पत्ता ५०, त्यातला एक बँकर उलट्या तोंडाचा म्हणून त्याच्या सीव्ही १९ मध्ये उलट दिशेचे १२८ अधिक ५०, म्हणजे १७८. एक मीटरवर दोन खुणा, स्टॉपवॉच, आणि प्रत्येक इंजिन एकटं पळवून स्पीड स्टेप २८, ६४ आणि १२६ ला वेळ घ्यायची, मग सीव्ही २, ६ आणि ५ (किमान, मधला आणि कमाल स्पीड) वरखाली करत तिघांची जुळवायची. मॅच करताना सीव्ही ३ आणि ४ (वेग हळूहळू वाढवणं-कमी करणं) शून्यावर ठेवा नाहीतर खुळे व्हाल, मी दोन रात्री झालो. शेवटी सपाटीवर तिन्ही इंजिनं मीटरमागे अर्ध्या सेकंदाच्या फरकात आली. मी खूश.

चढावर परत तोच तमाशा.

मग एका रात्री पंखा बंद करून, कान रॅम्पला लावून ऐकलं. टक, टक-टक, टक. कपलर (डबे जोडणारा आकडा) एकदा ताणला जातोय, एकदा दाबला जातोय. तेव्हा कळलं. पुढचं इंजिन ओढतंय, मागची जोडी ढकलतेय, तर गाडीत कुठेतरी एक डबा असा असणार की त्याच्या पुढचे ओढले जातात आणि मागचे ढकलले जातात. तो डबा माझ्याकडे सहावा-सातवा. आणि तो एका जागी बसत नव्हता, कारण तिन्ही डिकोडरांचं बॅक-ईएमएफ चालू होतं, प्रत्येकजण आपला स्पीड धरून ठेवायला झटत होता, थोडा मागे पडला की जोर लावायचा, थोडा पुढे गेला की सोडायचा. तीन जाणकार एका स्वयंपाकघरात असल्यासारखं.

म्हणून बँकरचं बॅक-ईएमएफ बंद केलं, ईएसयू कंपनीच्या डिकोडरमध्ये सीव्ही ४९ चा पहिला बिट. त्याने इंजिन कच्चं चालतं, ओझं आलं की दमतं, आणि बँकरने दमायलाच हवं. मग तो पुढच्याशी भांडत नाही, जेवढं मागे येतंय तेवढंच ढकलतो. वर टॉप स्पीड पुढच्यापेक्षा केसभर कमी ठेवला. टकटक गेली. नुसतं ते ऐकायला, म्हणजे न ऐकायला, मी पाच-सहा फेऱ्या मारल्या. आता दहापैकी तीनच वेळा.

पण तीन वेळा तिथेच. सातवा डबा, ३८ सेंटीमीटर.

शेवटी प्लंबर वापरतात तो मोबाइलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा मागवला, वळवायची वायर आणि टोकाला बारीक दिवे. हे हत्यार ज्याच्याकडे बोगदा आहे त्याने घ्याच, मी इतकी वर्षं आरसा आणि टॉर्च घेऊन मान मोडून घेत होतो. बोगद्यात सारला तर आधी एक पाल दिसली (तिची वेगळी गोष्ट आहे, ती आता यार्डात राहते), आणि तिच्या पुढे बाहेरच्या रुळावर जॉइंटला चक्क पायरी. एक रूळ वर, एक खाली. बारीकच, पण कॅमेऱ्यात ती घराच्या उंबऱ्याएवढी दिसते.

आणि मग मला आठवलं. जुन्या लोकांना आठवत असेल, मागच्या वर्षी कोड १०० फ्लेक्सची (वाकवता येणाऱ्या रुळांची) ऑर्डर दिली होती आणि बंडलात अर्धे पीस कोड ८३ आले होते. परत पाठवायचं तर कुरिअरचा खर्च माझा, असं गोड उत्तर मिळालं. तेव्हा मी इथेच फुशारकीने लिहिलं होतं की काही वाया घालवणार नाही, कोड ८३ चा तुकडा बोगद्यात टाकतो, तिथे कोण बघतंय. कोड १०० म्हणजे रुळाची उंची इंचाचे शंभर हजारांश, कोड ८३ म्हणजे त्र्याऐंशी, फरक साधारण ०.४३ मिलिमीटर. दोन उंचीचे रूळ जोडणारे ट्रान्झिशन जॉइनर मागवायचे सोडून मी साधा जॉइनर चेपून बसवला आणि कोड ८३च्या खाली लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा सरकवून रूळ लेव्हल केले. कुठल्यातरी मावसभावाची, सोनेरी गणपती असलेली भारी पत्रिका होती.

जूनपर्यंत ती टिकली. मग पुण्याचा पावसाळा, त्यात खोलीची एक भिंत ओल धरते, पुठ्ठा मऊ झाला, गाड्यांच्या वजनाने चेपला आणि पायरी परत आली.

बरं, ओढताना त्रास का नाही? कारण ओढताना वळणावर डबा आतल्या बाजूला खेचला जातो, बाहेरच्या रुळावर चाकाचा दाब कमी, फ्लँज (चाकाची आतली कड) पायरीवरून टणकन जाते आणि तुम्हाला कळतही नाही. ढकलताना उलटं, डबा बाहेर दाबला जातो, फ्लँज बाहेरच्या रुळाला घासत येते आणि पायरी सापडली की जिन्यासारखी वर चढते. म्हणजे बँकरने प्रॉब्लेम केला नाही, दाखवला. त्या बिचाऱ्या डिकोडरांना मी तीन आठवडे काय काय बोललो.

आता हात पोचत नाही म्हटल्यावर डोंगर फोडण्याशिवाय पर्याय नव्हता. दोन महिने खपून केलेला, वर्तमानपत्र, जाळी आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा, वरची हिरवळ कुठे जमली होती तेवढीच. एक्सो ब्लेडने कापला. धुरळा सगळ्या यार्डावर. आई दारात येऊन म्हणाली, "तुझ्या पण घाटात दरड कोसळली की रे." खऱ्या घाटातल्या मंकी हिलला दर पावसाळ्यात भीती असते, माझ्याकडे का नसावी.

साठ सेंटीमीटरचा कोड ८३ उपटला. कोड १००चा एक पीस एका मित्राने दिला, त्याचे उपकार मानतो आणि नाव घेत नाही कारण मग सगळे त्याच्याकडे मागाल. या वेळी शहाण्यासारखं केलं, दोन फ्लेक्स टेबलावर सरळ ठेवून जॉइंट आधी सोल्डर केला आणि मग वळवून बसवला, त्यामुळे जॉइंटला कोपरा पडत नाही. माझी जुनी २५ वॅटची सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न पुरली, थोडा फ्लक्स लावा, टीप स्वच्छ ठेवा, फार महागड्या स्टेशनची गरज नाही हे माझं मत कायम. नखाने रूळ चाचपला. नख अडकत नाही म्हणजे फ्लँज अडकत नाही.

काल रात्री वीस फेऱ्या. वीसच्या वीस. अठराव्या फेरीत सातवा डबा डुलला असं वाटलं आणि माझा श्वास अडकला, पण तो मीच टेबलाला पोट लावून उभा होतो.

आता डोंगराचं. परत प्लास्टर लावून बुजवायचा असं ठरवलं होतं, साहित्यही काढून ठेवलंय, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की नको. कापलेला तुकडा झाकणासारखाच ठेवतो, उचलला की आत हात. फक्त कडेची फट दिसते, तर घाटात दरड अडवायला कड्यांवर लोखंडी जाळ्या टाकल्यात ना, तशी खिडकीच्या डासांच्या जाळीची पट्टी फटीवरून सोडायची, थोडा गंजाचा रंग मारून. फट पण झाकली जाईल आणि घाट पण जास्त घाटासारखा दिसेल. जाळी घरात आहेच, बेडरूमच्या खिडकीला. आईला अजून सांगितलेलं नाही.

बॅलास्ट (रुळांखालची खडी) त्या भागात नव्याने टाकावं लागेल. माझी पद्धत तीच, क्रशरची काळी कच धुवायची, चहाच्या गाळणीने चाळायची, फेव्हिकॉल-पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड. दगड आपला खरा सह्याद्रीचा असल्यामुळे रंगाची कटकट नाही. पण टाकण्याआधी त्यावरून चुंबक फिरवाच, आपल्या काळ्या दगडात लोखंडाचे कण असतात, ते मोटरला जाऊन चिकटतात. एक इंजिन घालवून शिकलोय.

आणि दुसरं, डोंगर उघडल्यावर लक्षात आलं की बोगद्याच्या वरच्या तोंडाशी डाव्या हाताला नऊ सेंटीमीटर जागा मोकळी पडलीय. तिथे मी झाडं लावणार होतो. झाडं गेली खड्ड्यात, तिथे कॅच सायडिंग (ब्रेक न लागलेली गाडी अडवायचा बाजूचा रूळ) बसते. उतरणारी गाडी आधी थांबायची, पॉइंट (रूळ बदलायचा सांधा) एरवी सायडिंगकडेच लावलेला, थांबली आणि वेळ भरली की मगच मेन लाइन मिळायची, नाही थांबली तर सरळ चढाच्या सायडिंगवर. आर्डुइनोवर डीसीसी-ईएक्स (गाड्या चालवायचं सॉफ्टवेअर) चालवतोच आहे, एक सेन्सर आणि एक सर्व्हो लावला की हे सगळं आपोआप होऊ शकतं. लोणावळ्याला बँकर चुंबकावर सुटायचं काम आता पुढच्या महिन्यावर गेलं, माफ करा, मागच्या वेळी तेच आधी म्हणालो होतो.

त्यासाठी पेको कंपनीचा कोड १०० मीडियम रेडियस लेफ्ट हँड पॉइंट हवाय, इलेक्ट्रोफ्रॉग, म्हणजे मधल्या फाट्यालाही वीज मिळणारा. इन्सुलफ्रॉग नको, माझी छोटी शंटर त्यावर मरते. कुणाकडे पडून असेल तर सांगा, बदल्यात अडीच मीटर कोड ८३ देतो, जवळजवळ नवा आहे, फक्त साठ सेंटीमीटरच्या एका तुकड्याला पत्रिकेचा सोनेरी रंग लागलाय.