घुबडावरचा छिन्नीचा घाव

प्राचीन ग्रीक नाणी जमवणारे बरेच जण छिन्नीचा घाव असलेलं नाणं हातातच धरत नाहीत. मला मात्र तसलंच हवं असतं. माझ्याकडे अथेन्सचं चार ड्राख्मांचं नाणं आहे, इ.स.पू. पाचव्या शतकातलं, जेमतेम १७ ग्रॅमचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना. चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून पाहावा तसा. मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. घुबडाच्या अंगावरून आरपार घाव गेलाय. आत तळापर्यंत चांदीच चांदी.

आमचं घर हुपरीचं, चांदीकामातलं. टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, बाबा कुणाची चांदी घेत नसत, मग आणणारा नात्यातला का असेना. हा घावही तसाच, नाणं आतून खरंच चांदीचं आहे का ते पाहायला घातलेला. त्यामुळे जर्मनीत एका नाणेविक्रेत्याकडे तो दिसला तेव्हा मला तो खोट वाटलाच नाही.

पण अथेन्सच्या चांदीवर संशय का घ्यावा? अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरियनच्या खाणींतली ही चांदी अतिशय शुद्ध. शिशाच्या खनिजातून ती गाळून काढायची, आणि खाणीत राबायचे ते गुलाम. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे मोठं घबाड लागलं. ते नागरिकांत वाटून टाकायचं घाटत होतं, पण अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने त्यातून युद्धनौका बांधायला लावल्या. तीनच वर्षांनी सॅलमिसच्या समुद्री लढाईत इराणी आरमार हरलं ते त्या नौकांमुळे.

पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये शत्रू स्पार्टाने अथेन्सजवळ डेकेलियाला तळ ठोकला. वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले, असं त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. खाणींचं काम बसलं. चांदी आटल्यावर अथेन्सने विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवल्या आणि तांब्यावर चांदीचा मुलामा चढवलेली नाणी पाडली. खुद्द सरकारनेच! शिवाय इजिप्त आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावर या घुबडाच्या नाण्यांच्या नकला पाडल्या जात होत्याच.

इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा अथेन्सचा एक कायदा दगडावर कोरलेला सापडलाय. बाजारात सराफांच्या मेजांपाशी नाणी पारखणारा बसे, आणि तोही सरकारी गुलामच. परदेशी नक्कल चांदीची निघाली तर ज्याची त्याला परत. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे चिरून देवमातेला अर्पण. पारखलेलं नाणं नाकारणाऱ्या व्यापाऱ्याचा त्या दिवसाचा माल जप्त. आणि पारखणाऱ्याने कामात कुचराई केली तर त्याला फटके, पन्नास. हे वाचल्यापासून नाणं हातात घेतलं की अथीनेच्या आधी मला हा माणूस आठवतो.

सध्या मी मुलाम्याचं, आतलं तांबं उघडं पडलेलं घुबड शोधतेय. अट एकच: जुन्या लिलावाची नोंद हवी. कुठल्या जमिनीतून उकरलंय याचा पत्ता नसलेलं नाणं, कितीही देखणं असो, मी घेत नाही.